कॅमेरा कशासाठी बसवला? : खराडीतल्या रोजनिशीची पानं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

माझं काम ऐकण्याचं आहे. खराडीतल्या एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात मी क्वालिटीला आहे. फ्लोअरवरची मुलं-मुली ग्राहकांशी जे बोलतात त्याची रेकॉर्डिंग ऐकायची आणि गुण द्यायचे. ग्रीटिंग नीट झालं का, ग्राहकाचं पुरतं ऐकून घेतलं का, होल्डवर ठेवताना विचारलं का, डेड एअर (कुणीच न बोलता गेलेला वेळ) किती गेली, शेवट कसा केला. रकाने ठरलेले असतात. फोन करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितलं जातं की हे संभाषण रेकॉर्ड होत आहे, आणि इकडे बोलणाऱ्या मुलीलाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. सगळं उघड आणि कारण सांगून. म्हणूनच हे काम मी आजवर मनापासून करत आले.

आज ॲडमिनची मेल आली. पॅन्ट्री, ब्रेकआउट एरिया आणि फ्लोअरच्या दोन्ही टोकांना नवे कॅमेरे बसणार आहेत, ‘कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी’. सोबतच्या पीडीएफमध्ये कॅमेऱ्याची तांत्रिक माहिती होती आणि त्यात एका ओळीत लिहिलं होतं : इनबिल्ट मायक्रोफोन. मेलमध्ये मात्र आवाजाबद्दल चकार शब्द नाही.

चहाला खाली उतरलो तेव्हा आमच्या टीएलने, म्हणजे टीम लीडरने, विचारलं, “ताई, सुरक्षेसाठी कॅमेरा समजू शकतो. पॅन्ट्रीतला आवाज कशाला हवाय यांना?” कुणाकडे उत्तर नव्हतं.

चित्र आणि आवाज यांत किती अंतर आहे ते दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. चित्रात माणूस कुठे उभा आहे ते दिसतं. आवाजात त्याचं घर येतं : कर्जाचा हप्ता, सासूचं आजारपण, डॉक्टरांनी काय सांगितलं, मॅनेजरबद्दल काय वाटतं, दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय का.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजचा एक कॉल. ग्राहकाचा परतावा अडकलेला, मुलगी माहिती काढायला त्याला होल्डवर ठेवते. होल्डवर ग्राहकाला संगीत ऐकू जातं, पण आमच्या सिस्टीममध्ये इकडच्या हेडसेटचा आवाज रेकॉर्ड होतच राहतो. ती शेजारणीकडे वळून हळूच म्हणाली, “अगं, काल रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह आहे. घरी अजून सांगितलं नाही, तिसरा महिना लागला की सांगू म्हणतोय.” शेजारीण हसल्याचा आवाज. दोघींपैकी कुणीतरी बांगड्या मागे सारल्याचा आवाज. मग तीच मुलगी, सूर बदलून, “वाट पाहिल्याबद्दल धन्यवाद, सर.”

तिच्या आईच्या आधी ही बातमी मला कळली. मी होल्डच्या रकान्यात पूर्ण गुण दिले आणि पुढच्या कॉलवर गेले. तो कॉल टीमच्या मीटिंगमध्ये नमुना म्हणून वाजवायला मागितला तर मी देणार नाही.

पण आता गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. पूर्वी महिन्याला प्रत्येकाचे मोजके कॉल निवडून आम्ही ऐकायचो. आता स्पीच ॲनालिटिक्सचं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉल ऐकतं आणि त्याचा मजकूर करून ठेवतं. मजकूर झाला की तो शोधता येतो. ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याने हवा तो शब्द टाकावा, कोण कधी काय बोललं ते समोर हजर. गरोदर बाईला त्या कारणावरून कामावरून काढणं मातृत्व लाभ कायद्याने केव्हाच बंद केलं आहे आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजाही २६ आठवड्यांची झाली. पण एखादीला प्रोजेक्टमधून काढून बेंचवर बसवलं, तर त्यामागे होल्डवरचं हे कुजबुजणं होतं हे ती कशी सिद्ध करणार? तिला तर माहीतही नसणार की कुणी ते ऐकलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कॅमेऱ्याविरुद्ध बोलताना खराडीत राहणाऱ्या बाईने आधी एक गोष्ट आठवली पाहिजे, म्हणून ती लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर २००९ च्या रात्री इथल्या एका कंपनीतली संगणक अभियंता काम संपवून खराडी बायपासवर घरी जायला गाडीची वाट बघत होती. तिला एका कॅबमध्ये घेतलं गेलं. अत्याचार, खून, आणि खेड तालुक्यात सापडलेला तिचा मृतदेह. पुण्याच्या न्यायालयाने मे २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याआधी नोव्हेंबर २००७ मध्ये गहुंज्याजवळ एका बीपीओतल्या मुलीचा असाच जीव गेला होता, आणि त्यात तर तिला रात्रपाळीला नेणाऱ्या कंपनीच्या कॅबचा चालकच गुन्हेगार होता.

आमच्याकडे तेव्हापासून नोकरीत असलेल्या एक वरिष्ठ ताई आहेत. त्या सांगतात, तेव्हा बायपासला दिवे कमी, रस्त्याच्या कडेला रान, आणि मिळेल त्या गाडीला हात करण्यावाचून इलाज नसायचा. नंतर कॅबला जीपीएस आला, गेटवर नोंद आली, शेवटी उतरणारी बाई असेल तर सोबत गार्ड आला, पार्किंगमध्ये कॅमेरे आले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्थाही हवी. म्हणून पार्किंगमधल्या कॅमेऱ्याला आम्ही बायकांनी कधी नको म्हटलं नाही. आम्हीच तो मागितला.

गेल्या वर्षी आमच्या फ्लोअरवरच्या एका मुलीची लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे गेली, तेव्हा कॉरिडॉरच्या फुटेजमुळे तिचं म्हणणं टिकलं. पण ती लगेच आली म्हणून. २०१३ चा कायदा तक्रारीला तीन महिने देतो, आणि आमच्याकडचं फुटेज तीस दिवसांत पुसलं जातं. दोन महिने घाबरून गप्प राहिलेल्या मुलीसाठी त्या कॅमेऱ्यात काही उरत नाही. ग्राहकांच्या कॉलची रेकॉर्डिंग मात्र वर्षानुवर्षं जपली जातात. सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्याची मुदत ठरवताना सुरक्षेचा विचार कुणी केला होता?

आणखी एक. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत एका आयटी कंपनीत रविवारी कामाला आलेली तरुण अभियंता जागेवरच मारली गेली. पोलिसांनी अटक केली ती तिथल्याच सुरक्षारक्षकाला. पहाऱ्यावर कोण आहे आणि त्याच्यावर कुणाचं लक्ष आहे, हा प्रश्न कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे याच्या आधी विचारायला हवा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुट्टी. घरी बसून जुन्या बातम्या वाचल्या.

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या कॅनरी वॉर्फमधल्या बार्कलेज बँकेत एका विभागात प्रयोग म्हणून सॉफ्टवेअर बसवलं होतं. कोण किती वेळ कामात होता हे ते संगणकावरून मोजायचं, आणि कमी भरलं की त्या माणसाला तशी सूचना जायची. ‘सिटी एएम’ या तिथल्या दैनिकाने ही बातमी छापली. आरडाओरडा झाला, कामगार संघटना बोलल्या, आणि काही दिवसांतच बँकेने एकेका माणसाची माहिती वरिष्ठांना दाखवणं थांबवलं. पुढे ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने चौकशीही हाती घेतली.

ते सॉफ्टवेअर सेपियन्स नावाच्या कंपनीचं होतं, आणि ही कंपनी पुण्यात सुरू झालेली. आपल्याच शहरातल्या हुशार माणसांनी घडवलेली वस्तू. त्याच बँकेचं मोठं कार्यालय आमच्या इथे गेरा कॉमरझोनमध्ये आहे, रोज मी त्यावरून जाते. तिथल्या कारभाराबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला दिसतं ते एवढंच : अशी यंत्रं पुण्यात बनतात, जगभर विकली जातात, आणि लंडनच्या कर्मचाऱ्याला ‘हे नको’ म्हणायला वर्तमानपत्र, संघटना आणि सरकारी आयुक्त असे तिघे पाठीशी मिळतात. पुण्याच्या कर्मचाऱ्यापाशी काय आहे?

मोजमाप अविश्वासावर उभं असलं की दोन्ही बाजू बिघडतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास निर्माण करत होते. माऊस आपोआप हलवत ठेवणारं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. बोटं हलली म्हणजे काम झालं असं मालक धरून चालला, की नोकर बोटंच हलवायला शिकतो. किचकट तक्रार सोडवणारी मुलगी पाच मिनिटं काही टाइप न करता स्क्रीनकडे बघत विचार करते. तेच तिचं खरं काम असतं, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ती पाच मिनिटं रिकामी.

सोमवार, १० नोव्हेंबर

ब्रेकवरून आज फ्लोअरवर वाद झाला. ऑक्सवर, म्हणजे कॉल न घेता, किती वेळ गेला ते सेकंदात मोजलं जातं. एका मुलाला मधुमेह आहे, त्याला वारंवार उठावं लागतं. टीएलने चारचौघांत कारण विचारलं. त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि मान खाली घालून बसला. आजार सांगावा की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा होता. सेकंदांच्या त्या आकड्याने तो हिरावून घेतला.

संध्याकाळी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल वाचत होते. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभेत मागण्या ठरल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कुणी दया म्हणून दिलेली नाही, कामगारांनी ती मागून घेतली. त्या अर्ध्या तासात माणूस आपला असतो, हाच तिचा अर्थ. पॅन्ट्रीच्या छतात मायक्रोफोन बसला तर तो अर्धा तासही कामाच्या हजेरीत जमा होईल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आमची एक टीम जर्मन ग्राहकासाठी काम करते. तिथल्या सहकारी बाईंशी आज कॅलिब्रेशनचा कॉल होता. एकच रेकॉर्डिंग दोघी ऐकतो आणि गुण जुळतात का ते पाहतो. आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक रकाना आला आहे, आवाजावरून भावना ओळखण्याचा. बोलणाऱ्याचा सूर शांत, वैतागलेला की थकलेला, त्यावर टक्केवारी. त्यांच्या स्क्रीनवर तो रकाना नव्हताच. मी विचारलं, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “आमच्याकडे ते चालत नाही.”

नंतर कायदा काढून वाचला. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या जागी चेहरा किंवा आवाजावरून माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणेवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आणि जर्मनीत १९७२ पासूनचा कायदा आहे : कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कोणतंही यंत्र बसवायचं तर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाशी आधी करार करावा लागतो. मंडळ नसेल त्या कंपनीला हे लागू नाही, पण असेल तर डावलता येत नाही. माहिती संरक्षणाचा कायदा मोडल्यावर काय होतं तेही तिथे दिसलं आहे. न्युरेंबर्गच्या सेवा केंद्रात कर्मचाऱ्यांची आजारपणं आणि घरगुती अडचणी लिहून ठेवल्या म्हणून एच अँड एमला हॅम्बुर्गच्या आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये तीन कोटी त्रेपन्न लाख युरोंचा दंड केला.

एकच ग्राहक, एकच सॉफ्टवेअर, एकच काम. त्या बाईंच्या आवाजातला थकवा त्यांचा स्वतःचा. खराडीतल्या मुलीच्या आवाजातला थकवा एक्सेलच्या रकान्यात. यात तंत्राचा काही दोष नाही. तो रकाना बंद करण्याची सोय त्यातच आहे, कारण तिकडे ती वापरली गेली आहे. इकडे ती वापरायला कुणी सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियमांना दोन वर्षांहून जास्त लागली, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अजून अठरा महिने आहेत. दुपारच्या सुट्टीत फ्लोअरवर सगळे म्हणाले, “झालं, आता कायदा आला.” मी घरी येऊन मूळ कायदाच पुन्हा वाचायला घेतला.

कलम सात. संमती न घेता माहिती कधी वापरता येते त्याची यादी. त्यात नोकरीचं प्रयोजन आहे, आणि मालकाला नुकसानीपासून किंवा जबाबदारीपासून वाचवणंही आहे. हेरगिरी रोखणं, व्यापारी गुपितं सांभाळणं अशी उदाहरणं दिली आहेत. शब्द इतके रुंद आहेत की पॅन्ट्रीतला मायक्रोफोनही त्यात बसवू म्हणणारा वकील मिळेल. कलम पाचची आगाऊ सूचना संमतीच्या विनंतीसोबत द्यायची आहे. संमतीच मागितली नाही तर त्या सूचनेचाही प्रश्न येत नाही. आणि कलम अकरा, ‘माझ्याबद्दल काय साठवलंय ते दाखवा’ म्हणण्याचा हक्क, ज्याला आपण संमती दिली त्याच्यापुरता आहे. नोकरीच्या नावाखाली घेतलेली माहिती त्यातून निसटते. मोबाइलवरच्या दुकानाला मी विचारू शकेन, पण जिथे दिवसाचे नऊ तास घालवते त्या कंपनीला याच हक्काने तेव्हाही विचारता येणार नाही.

हा कायदा ज्या निकालातून जन्मला तो २४ ऑगस्ट २०१७ चा, न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवरचा. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालाने नागरिकाला कोर्टाची दारं बंद केली होती, त्या बहुमतात त्यांचे वडील, मूळचे पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. मुलाने तो निकाल मोडीत काढला. २०१७ च्या निकालपत्राने माणसाची प्रतिष्ठा मध्यभागी ठेवली. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतात. खासगी कंपनीच्या दारात ते पोचवायला कायदा लागतो, आणि कायद्याने नेमकं तिथे दार उघडं सोडलं.

त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१७ ला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याचा निकाल दिला. कार्यालयाच्या मेसेंजरवरून त्याने भावाला आणि वाग्दत्त वधूला लिहिलेले संदेश मालकाने वाचले आणि त्याची नोकरी गेली. न्यायालयाने म्हटलं की पाळत ठेवायची तर आधी सांगायला हवं, किती आणि का ते सांगायला हवं, आणि त्याहून सौम्य मार्ग होता का हेही पाहायला हवं. कंपनीचा संगणक आहे म्हणून माणसाचं खासगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सोसायटीची मीटिंग. विषय : क्लबहाउस आणि सर्व्हिस लिफ्टमध्ये आवाज टिपणारे कॅमेरे. ठराव मांडणारे गृहस्थ आयटीतलेच, गेल्याच आठवड्यात कंपनीच्या ट्रॅकिंगबद्दल लिफ्टमध्ये संतापून बोलत होते.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी चंदननगरहून येतात. गेटवर त्यांचा फोटो, येण्याजाण्याची वेळ ॲपमध्ये, वर घरांनी दिलेले तारे. कुठल्या घरी किती वाजता गेल्या हे साऱ्या सोसायटीला दिसतं. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातही कॅमेरा आहे. मावशी मला म्हणाल्या, “ताई, बघा की खुशाल, मी काय चोरत नाही. पण एका घरी मी फोनवर पोरीशी बोलले, आणि संध्याकाळी त्या बाईंनी विचारलं, पोरीचं लग्न मोडलं का म्हणून. मी तर त्यांना सांगितलं नव्हतं.”

मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सांगितलं की आपलं घर आपल्यासाठी घर आहे, पण मावशींसाठी ती कामाची जागा आहे. जे आपल्याला ऑफिसात नको ते त्यांना इथे का चालावं? सर्व्हिस लिफ्टमध्ये चित्र पुरे, आवाज नको. घरात कॅमेरा असेल तर तो मावशींना दाखवावा, आवाज बंद ठेवावा, आणि हाउसकीपिंगच्या बायका कपडे बदलतात त्या खोलीच्या आसपासही कॅमेरा नसावा, कारण तिथे तो गुन्हा ठरू शकतो. आयटी कायद्याचं कलम ६६ई आणि न्यायसंहितेचं कलम ७७ त्यासाठीच आहेत. लिफ्टमधला आवाज वगळून ठराव झाला. मावशींच्या ताऱ्यांचा विषय पुढच्या सभेवर गेला.

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, त्याची आठवण झाली. पंचकुला-चंडीगडकडच्या सफाई कामगार बायकांनी तर तक्रार केली होती की घड्याळात कॅमेरा असेल या भीतीने शौचालयात जायलाही संकोच वाटतो. इंजिनिअरला निदान मेल येते. झाडू मारणाऱ्या बाईच्या हाताला घड्याळ बांधून मोकळे होतात.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एचआर आणि ॲडमिन, दोघांसोबत आज बैठक झाली. आम्ही चौघं गेलो : वरिष्ठ ताई, आमचे टीएल, रात्रपाळीची एक मुलगी आणि मी. आवाज चढवायचा नाही असं आधीच ठरलं होतं.

मी एकच सूत्र धरलं : कॅमेरा ज्या कामासाठी बसवला त्याच कामासाठी वापरा. सुरक्षेसाठी असेल तर पार्किंग, जिना, गेट, कॉरिडॉरमध्ये हवाच, आणि फुटेज तीस दिवसांऐवजी निदान तक्रारीच्या मुदतीइतकं, तीन महिने ठेवा. पण मग त्याच फुटेजवरून चहाला किती मिनिटं लागली ते मोजायचं नाही. सुरक्षेला पॅन्ट्रीतल्या गप्पा लागत नाहीत, तेव्हा मायक्रोफोन बंद करा. कॉलच्या मजकुरात शोध घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद राहू द्या, आणि होल्डमधला आमच्या बाजूचा आवाज साठवूच नका. भावनांचा रकाना जर्मनीसाठी बंद आहे, तो आमच्यासाठीही बंद करा.

एचआरच्या बाई म्हणाल्या, “तुम्हाला लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?” रात्रपाळीची मुलगी पटकन बोलली, “मॅडम, मला लपवायचं काही नाही. पण माझ्या घरातलं कुणाला सांगायचं ते मी ठरवणार ना?” खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ॲडमिनचे साहेब म्हणाले की पॅन्ट्री आणि ब्रेकआउटमधला मायक्रोफोन बंद ठेवता येईल, तसा फलकही लावू, फुटेजच्या मुदतीसाठी स्टोरेजचा खर्च काढून बघतो. कॉलच्या मजकुराबद्दल ‘क्लायंटला विचारावं लागेल’. भावनांच्या रकान्याबद्दल काहीच नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

शुक्रवारपासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक तरतूद आमच्या उपयोगाची आहे : प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र द्यायलाच हवं. संहितेने पाळतीबद्दल त्यात काही लिहायला सांगितलेलं नाही. पण पत्र द्यायचंच आहे, तर त्यात एक परिच्छेद वाढवायला कुठल्याही कंपनीला कायदा आड येत नाही. कुठे कॅमेरा आहे, आवाज घेतला जातो का, संगणकावर काय मोजलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आणि कर्मचाऱ्याला आपली नोंद मागता येईल का. कायद्यात जे राहून गेलं ते करारात लिहिता येतं. मायक्रोफोनबद्दल तोंडी मिळालेलं आश्वासन साहेब बदलले की विसरलं जाईल, पत्रातली ओळ टिकेल.

अर्ज लिहून काढला. सहा मुद्दे, दीड पान, साधी भाषा. सुरुवातीलाच लिहिलं आहे की सुरक्षेसाठीचे कॅमेरे आम्हाला हवे आहेत. पार्किंगमधल्या कॅमेऱ्यावर आमचा जो विश्वास आहे तो पॅन्ट्रीतल्या मायक्रोफोनने संपेल, आणि मग पार्किंगमधल्या कॅमेऱ्याकडेही लोक संशयाने बघतील. नुकसान सगळ्यात आधी रात्री घरी जाणाऱ्या मुलींचं होईल.

सोसायटीसाठी याच अर्जाची दुसरी प्रत केली आहे, मालकाच्या जागी आम्ही रहिवासी आणि कर्मचाऱ्याच्या जागी मावशी, गार्ड, हाउसकीपिंग. एकाही मुद्द्यात फरक करावा लागला नाही.

उद्या सह्यांचा कागद आधी रात्रपाळीकडे जाईल. कॅमेरे त्यांच्या नावाने बसवले आहेत, तेव्हा कॅमेऱ्यांच्या अटीही आधी त्यांनीच वाचाव्यात आणि खोडायचं ते खोडावं.